मातीचं छोटं धरण आणि त्यामागचं तळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्यावर आलेला माणूस पाण्याकडे बघतो, आणि बघावंच. धरण सांभाळणाऱ्याला मात्र बराचसा वेळ पाण्याकडे पाठ करून उभं राहावं लागतं, कारण धरणाची तब्येत कळते ती कोरड्या बाजूला. पंधरा-वीस फूट उंचीचा मातीचा भराव, मागे पोहायला, होडी घालायला, गळ टाकून बसायला पुरेल एवढं पाणी, अशा एका धरणाच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे.

नुसत्या मातीनं पाणी अडतं तरी कसं?

पूर्ण अडतच नाही. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडं पाणी झिरपतं. ते सावकाश झिरपावं, जाताना मातीचा कण सोबत नेऊ नये आणि आपण ठरवलेल्या जागीच बाहेर पडावं, यासाठी सगळी रचना असते. मध्ये चिकण मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरुमासारख्या जाड मातीचं आवरण, गाभ्याखाली पायात खोल खणून चिकण मातीनंच भरलेला चर, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वाळू-खडीचा निचरा. लहान धरणांत कित्येकदा गाभा वेगळा नसतो, सगळा भराव एकाच मातीचा असतो. तिथे निचऱ्याचं महत्त्व आणखी वाढतं.

बाकी सगळं दबाईवर. माती साधारण वीतभर जाडीच्या थरांत पसरायची, प्रत्येक थरावर रोलर फिरवायचा, आणि ओलावा नेमका हवा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हायला हवा, पण तळव्याला चिखल लागता कामा नये. कोरडी माती दबत नाही, फार ओली रोलरखाली नुसती लिबलिबते. कोरड्या मातीवर घाईनं चढवलेला थर दिसायला तसाच दिसतो. फरक कळतो तो पाणी भरल्यावर.

तळं लांबवर पसरलं, तर धरणावर जास्त दाब येतो का?

नाही. दाब ठरतो खोलीवर. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला साधारण एक टन, पाच मीटरवर पाच टन, मग पाणी मागे शंभर मीटर असो की दोन किलोमीटर. खोली दुप्पट झाली की मात्र धरणाच्या प्रत्येक मीटर लांबीवरचा एकूण जोर चौपट होतो. म्हणून ‘फूटभरच पाणी वाढवू’ हे बोलणं वाटतं तितकं साधं नसतं. तळ्याच्या पसाऱ्याचा संबंध येतो तो धरण फुटलं तर किती पाणी खाली जाईल, याच्याशी.

धरण एवढंसं आहे. फुटलं तरी किती नुकसान होणार?

मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या व्याख्येत १५ मीटरपेक्षा कमी उंचीचं धरण सहसा ‘मोठं’ ठरत नाही. ५ ते १५ मीटर उंचीचं असेल, तर साठा ३० लाख घनमीटरहून जास्त असावा लागतो. त्यामुळे गावाकडची बहुतेक धरणं कागदोपत्री लहान. खाली झोपलेल्या माणसाला त्या व्याख्येचा उपयोग नाही.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ केली बार्न्स नावाचं धरण होतं, उंची जेमतेम साडेअकरा मीटर. आधी वीजनिर्मितीसाठी वापरायचे. १९५७ मध्ये ते बंद झालं आणि मागे उरलं फक्त विरंगुळ्याचं तळं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री, मुसळधार पावसानंतर दीडच्या सुमारास ते फुटलं. खाली महाविद्यालयाचा परिसर होता. ३९ माणसं गेली. कोरड्या बाजूचा उतार फार उभा होता आणि भरावावर झाडं माजलेली होती. इंडोनेशियात जकार्ताजवळच्या सितू गिंतुंग तळ्याचा मातीचा बांध २७ मार्च २००९ ला पहाटेपूर्वीच्या अंधारात फुटला, तेव्हा शंभरच्या आसपास लोक गेले. तेही लोकांचं फिरायला जायचं तळं होतं.

उपयोग संपला की धरणाकडे येणारा पैसा आणि लक्ष दोन्ही आटतं. पाणी मात्र तेवढंच राहतं. विरंगुळ्याच्या तळ्यांबाबत मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती याची.

पायथ्याशी ओल दिसते. घाबरायचं का?

ओल कुठे आहे, वाढते आहे का, आणि पाणी कसं आहे, हे तीन प्रश्न आधी.

निचऱ्यातून येणारं नितळ पाणी चांगलं. भरावाच्या मध्यावर, पायथ्यापासून वर, ओल दिसली तर वाईट, कारण झिरपणाऱ्या पाण्यानं तिथे यायलाच नको होतं. आणि गढूळ पाणी कुठूनही आलं, थेंब थेंब आलं, तरी त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा. गढूळ म्हणजे पाणी आतून माती घेऊन निघालं आहे. ती माती जिथून निघाली तिथे पोकळी झाली, पोकळीनं पाण्याची वाट सोपी केली, आणि पुढचं पाणी आणखी माती आणतं. आतल्या आत होणारी ही झीज बाहेरून दिसेस्तोवर खूप पुढे गेलेली असते.

पावसाळा सरता सरता एकदा मला पायथ्याच्या गवतात सुपाएवढा एक पट्टा दिसला. आजूबाजूचं गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि हा तेवढा गडद हिरवा. बोट घातलं तर दोन पेरं सहज आत गेलं. पाणी वाहत नव्हतं. मी कडेनं चार खुंट्या ठोकल्या आणि तारीख लिहून ठेवली. आठ दिवसांनी गेलो, तर ओल खुंट्यांच्या बाहेर वीतभर सरकलेली. मग इंजिनिअर आल्या, तळ्याची पातळी उतरवली, ओल्या जागेवर वाळूचा आणि वर खडीचा थर दिला, त्यातून पाइप काढून पाणी एका खाचेच्या फळीवर आणलं, म्हणजे ते मोजता येतं. आजही तिथून पाणी येतं. नितळ येतं, आणि रोज मोजलं जातं.

मोजायला फार काही लागत नाही. दहा लिटरची बादली आणि घड्याळ. बादली भरायला किती सेकंद लागले आणि त्या दिवशी तळ्याची पातळी किती होती, एवढं वहीत लिहा. पातळी तीच असून बादली लवकर भरायला लागली, तर आत काहीतरी बदललं आहे. शिवाय काचेच्या बाटलीत थोडं पाणी धरून रात्रभर स्थिर ठेवायचं. सकाळी तळाशी मातीची रेघ बसली आहे का, ते उजेडात धरून बघायचं.

मग गळतीचं तोंड चिकण मातीनं गच्च बुजवलं तर?

कृपा करून असं करू नका. पाणी आत कोंडतं, भरावातला दाब वाढतो आणि ते दुसरीकडून, बहुधा न दिसणाऱ्या जागेतून, वाट काढतं. कोरड्या बाजूचा इलाज गाळणीचा: आधी वाळू, तिच्यावर खडी. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. जमिनीतून उकळल्यासारखं पाणी वर येऊन भोवती वाळूचं वर्तुळ जमत असेल, तर त्याभोवती वाळूच्या गोण्यांचं कडं रचतात. कड्यात पाणी साचू दिलं की वरून थोडा दाब बसतो आणि कण उचलायचे थांबतात. हा फक्त वेळ मिळवण्याचा उपाय आहे.

सांडव्यातून मासे वाहून जातात. जाळी लावू का?

हा प्रश्न मला दर पावसाळ्याआधी कुणीतरी विचारतंच. उत्तर नाही, आणि का नाही ते सविस्तर सांगतो.

मातीच्या धरणावरून पाणी वाहणं म्हणजे धरणाचा शेवट. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेलं तर ती बहुधा टिकते. मातीचा उतार मात्र वरून पाणी जायला लागलं की पायथ्याकडून कातरत वर येतो आणि काही तासांत, कधी तासाभरातच, आरपार खिंड पडते. ते होऊ नये म्हणून सांडवा. तळं भरल्यावर जादा येणारं सगळं पाणी त्यातूनच जायला हवं. बारा महिन्यांतले अकरा महिने ही रुंद, रिकामी जागा फुकट गेल्यासारखी दिसते, आणि मग कुणी तिथे गाड्या लावतं, कुणी माती टाकून रस्ता करतं, कुणी जाळी लावतं. जाळीला पहिल्या पुरात पालापाचोळा, फांद्या, प्लास्टिक येऊन लागतं, आणि दोन तासांत जाळीची भिंत होते.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं २२ मीटर उंचीचं मातीचं धरण होतं. धनिकांच्या एका क्लबनं ते मासेमारी आणि नौकाविहारासाठी घेतलेलं. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. घोडागाड्यांना माथ्यावरून जाता यावं म्हणून माथा उतरवून रुंद केला. तळातून पाणी सोडायचे पाइप आधीच्या मालकानं काढून विकलेले होते, ते परत बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ ला प्रचंड पाऊस झाला. जाळ्यांत कचरा अडकला, माणसं तो काढायला धडपडली, पाणी माथ्यावरून गेलं. खालच्या जॉन्सटाउन शहरात २,२०० हून जास्त माणसं मेली. जाळी, उतरवलेला माथा, नसलेले पाइप: यांतली एकेक गोष्ट तळ्याच्या सोयीसाठी किंवा काटकसरीपोटी केलेली, आणि त्या त्या दिवशी किरकोळ वाटलेली.

मासे गेले तर पुन्हा सोडता येतात.

सांडव्याच्या तोंडाशी फळ्या लावून फूट-दोन फूट पाणी वाढवलं, तर उन्हाळा निघेल ना?

उन्हाळा निघेल, पण पावसाळ्याचं काय? सांडव्याचा उंबरा आणि धरणाचा माथा यांमधली जी मोकळी उंची असते, ती पुराच्या पाण्यासाठी आणि वाऱ्यानं उठणाऱ्या लाटांसाठी राखलेली असते. पुरात पाणी सांडव्यावरून जातं तेच मुळी उंबऱ्याच्या वर चढून. फळ्यांनी ती उंची आधीच खाल्ली, तर पुराला जागा उरत नाही. त्यात भराव वर्षानुवर्षं थोडा थोडा बसत जातो. नकाशातली मोकळी उंची आज प्रत्यक्षात आहे का, हे दर काही वर्षांनी लेव्हल लावून तपासावं. माथ्याचा सगळ्यांत खोलगट भाग कुठे आहे ते कळलं, की पाणी पहिल्यांदा कुठून ओलांडेल तेही कळतं.

सांडवा मोकळा ठेवला की काम झालं असंही नाही. इंग्लंडमध्ये व्हेली ब्रिज गावाच्या वरच्या टॉडब्रूक जलाशयाचा काँक्रीटचा सांडवा १ ऑगस्ट २०१९ ला पुरात उखडला. लाद्यांखालची माती वाहून गेली आणि दीड हजार लोकांना घरं सोडायला लागली. हेलिकॉप्टरनं खडीच्या गोण्या टाकून आणि पंपांनी पाणी उपसून ते धरण वाचवलं. म्हणून लाद्यांमधल्या फटी, त्यांतून उगवलेलं गवत, पोकळ वाजणारी लादी, हे सगळं बघायचं. हातोडीनं ठोकून आवाज ऐकायला पाच मिनिटं लागतात.

धरणावर झाडं लावली तर माती धरून ठेवतील ना?

डोंगरउतारावर धरतात. धरणावर मुळंच पाण्याची वाट होतात. मोठं झाड वाऱ्यात उन्मळलं, तर मुळांसकट भरावाचा लचका घेऊन जातं. झाड मेलं, तर मुळं कुजून आत नळ्या तयार होतात. झाडीत बिळं दिसत नाहीत, ओल दिसत नाही, भेग दिसत नाही, हे तिसरं नुकसान, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं. भरावावर दाट, आखूड ठेवलेलं गवत हवं. रोपटं मनगटाएवढं व्हायच्या आत काढा. जुनं मोठं झाड असेल, तर कुऱ्हाड घेऊन जाऊ नका. खोड तोडून मुळं आत ठेवली तरी ती कुजणारच. मुळं काढून खड्डा थराथरानं दाबून भरायचं काम पाणी उतरवून, जाणकाराच्या देखरेखीखाली करावं लागतं.

सावली हवीच, पण ती काठावर, धरणापासून लांब.

खेकड्यांनी धरण फुटतं का?

कोकणात तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला, तेव्हापासून हा प्रश्न लोक अर्धवट हसत विचारतात. तिथे माणसं गेली, त्यामुळे मला हसू येत नाही. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

खेकडे, घुशी, उंदीर बिळं करतात हे खरंच आहे. वाळवी तर भरावाच्या आत घड्याएवढ्या पोकळ्या करते आणि बाहेर फक्त छोटंसं वारूळ दिसतं. पाण्याच्या बाजूनं एक बीळ आणि कोरड्या बाजूनं दुसरं, यांच्यामधली माती जितकी कमी, तितकी पाण्याची वाट आखूड. पण बीळ एका रात्रीत धोकादायक होत नाही. ते महिनोन् महिने तिथे असतं, आणि फेरी मारणाऱ्याला दिसतं. बीळ दिसलं की खणून शेवटापर्यंत जायचं आणि ओलसर चिकण माती ठोकून ठोकून भरायची. वरून दगड टाकून तोंड बंद करणं म्हणजे आतली पोकळी झाकणं.

धरणाखालून जाणाऱ्या पाइपकडे लक्ष द्यायला हवं का?

फार. मातीत पुरलेल्या पाइपच्या कडेनं दबाई नीट होत नाही आणि पाणी पाइपला लागून सरकतं. पाइप गंजला किंवा सांधा सुटला, तर माती आतून वाहून जाते. कोलोरॅडोतलं लॉन लेक हे सुमारे आठ मीटर उंचीचं, १९०३ चं धरण १५ जुलै १९८२ ला याच भागात घात झाल्यानं फुटलं. पाइप आणि झडप यांच्या सांध्यातलं शिसं झिजलं होतं. तीन माणसं गेली. झडप वर्षातून निदान एकदा पूर्ण उघडून बंद करा. गरज पडेल त्या दिवशी ती गंजून बसलेली असायला नको.

दुरुस्तीसाठी तळं एकदम रिकामं केलं तर?

पाणी भरलेलं असताना भरावही भिजलेला असतो. बाहेरचं पाणी झपाट्यानं उतरलं, तर आतलं तितक्या लवकर निघत नाही. बाहेरचा टेकू गेलेला, आत जड ओली माती, आणि पाण्याच्या बाजूचा उतार घसरतो. तातडीचं कारण नसेल तर दिवसाला फूटभराच्या आतच उतरवा. भरतानाही सावकाश भरा. नव्या धरणाचा सगळ्यांत नाजूक काळ पहिल्या भरण्याचा. १९७६ मध्ये अमेरिकेतलं टीटन धरण पहिल्यांदा भरतानाच फुटलं.

पोहायला सुरक्षित आहे का?

नेमून दिलेल्या जागी, लाइफ जॅकेट घालून, सोबत कुणी असताना, हो. सांडव्याजवळ आणि पाणी सोडायच्या विहिरीजवळ कधीच नाही. खालचा दरवाजा उघडा असला तरी वर पाणी शांत दिसतं, ओढ आत असते. सांडव्याखालच्या कुंडात पाणी वरून पडून जागच्या जागी उलटं फिरतं आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पुन्हा पुन्हा खाली नेतं. तळाचा गाळ पाय धरतो. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट असतं आणि दीड-दोन पुरुष खाली एकदम गार. सूर मारणाऱ्याचा श्वास तिथे अडकतो.

होड्यांमुळे धरणाला धोका असतो का?

वल्ह्याच्या होड्यांनी नाही. वेगानं जाणाऱ्या मोटारबोटीच्या लाटा पिचिंगमागची माती ओढून नेतात. धरणापासून दूर बोयांची ओळ बांधा आणि होड्यांना त्याच्या अलीकडेच फिरू द्या.

पाण्यावर हिरवी साय आली आहे. त्यात उतरावं का?

काठी बुडवून बघा. धाग्यांचा झुबका वर आला तर ते साधं शेवाळ. हिरवा रंग सांडल्यासारखं पाणी दिसलं आणि काठीला फक्त रंग लागला, तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे दिसणारे सूक्ष्मजीव, असू शकतात. त्यांतल्या काही जाती विष तयार करतात. माणसांनी उतरू नये, आणि कुत्र्याला तर पट्टा लावूनच ठेवा, ते अंग चाटतं. पाणी उकळून हे विष जात नाही. मोरचूद टाकला तर पेशी फुटून विष एकदम पाण्यात उतरतं. मूळ कारण बहुधा वरच्या शेतांतून आणि सांडपाण्यातून येणारं फॉस्फरस. ओढ्याच्या मुखाशी गवताचा रुंद पट्टा राखला, तर बराच फरक पडतो.

सकाळी मासे मरून तरंगत होते. कुणी विष घातलं का?

असूही शकतं, पण आधी प्राणवायूचा विचार करा. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच वापरतं, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यांत कमी असतो. ढगाळ, निर्वात दिवसांनंतर किंवा गार पावसानं खालचं पाणी वर आल्यावर मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड उघडत फिरताना दिसतात. तेव्हाच हवा मिसळणारा पंप लावला तर वाचतात.

गाळ काढताना काय सांभाळायचं?

धरणाच्या पायाजवळ खणू नका. पाण्याच्या बाजूला साचलेला बारीक गाळ झिरपा रोखणाऱ्या गादीसारखं काम करतो, आणि पोकलेनचं एक चुकीचं फावडं ती गादी फाडतं. ओढा तळ्यात शिरतो त्या टोकाचा गाळ काढा. बराचसा तिथेच असतो.

पाहणी किती वेळा, आणि नेमकं काय बघायचं?

आठवड्याला एकदा, पावसात रोज, आणि मोठा पाऊस किंवा भूकंपाचा धक्का झाला की लगेच. माथ्यावरून जा, कोरड्या पायथ्यानं परत या. माथ्याच्या एका टोकाला डोळा जमिनीशी आणून दुसऱ्या टोकाकडे बघा. कडेची रेघ कुठे खचली, कुठे फुगली, ते असं बघताना चटकन दिसतं. भेग दिसली तर तिची दिशा लिहा. पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणारी भेग जास्त धोक्याची, कारण ती पाण्याला आयती वाट देते. माथ्याच्या लांबीनं जाणारी भेग उतार घसरू लागल्याची खूण असू शकते. फोटो नेहमी त्याच चार-पाच जागांवरून काढा. शक्यतो एकाच माणसानं वर्षानुवर्षं ही फेरी मारावी. त्याला काय बदललं ते सांगावं लागत नाही.

रात्रीचा पाऊस थांबत नाही आणि पाणी माथ्याला टेकत आलं आहे. काय करू?

आधी खालच्या लोकांना उठवा. धरण वाचेल की नाही याचा अंदाज बांधत बसू नका. केली बार्न्स आणि सितू गिंतुंग दोन्ही रात्री फुटली, लोक झोपेत होते. त्यानंतर प्रशासनाला फोन, मग झडप पूर्ण उघडणं आणि सांडव्यातला कचरा काठावरून काढणं. वाहत्या सांडव्यात कुणी उतरू नये. माथ्याच्या खोलगट भागात वाळूच्या गोण्या लावता येतात, पण पाणी एकदा ओलांडायला लागलं की माथ्यावर थांबू नका.

हे सगळं त्या रात्री सुचत नाही, म्हणून आधी कागदावर हवं. पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा, कोणत्या रस्त्यानं उंचावर जायचं, आणि फोन नंबर. आमची यादी ओढ्याच्या काठानं वरून खाली लिहिलेली आहे. धरणाच्या सगळ्यांत जवळचं घर पहिलं. दर पावसाळ्याआधी मी त्यातला प्रत्येक नंबर लावून बघतो. दर वर्षी दोन-तीन बदललेले असतात.